टेक्सास सरकार आता खाजगी शाळेसाठी पैसे देणार. अर्ज करायचा का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका सबर्बमधे राहतो. मुलगी तिसरीत आहे, म्हणजे यंदापासून तिची स्टार परीक्षा, म्हणजे टेक्सास राज्याची दरवर्षीची शाळेतली परीक्षा, सुरू. आणि त्यातच टेक्सासचा तो नवीन एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंटचा कायदा. गव्हर्नर अ‍ॅबटनी मे २०२५ मधे सही केली, २०२६-२७ पासून खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे सरकार साधारण १० हजार डॉलर देणार, घरी शिकवणाऱ्यांना २ हजारांपर्यंत, पहिल्या खेपेला एकूण १ अब्ज डॉलर. नवरा म्हणतो अर्ज तर करून ठेवू, लागला नंबर तर बघू, आपणही टॅक्स भरतोच की.

मला ते पटत नाहीये. माझं म्हणणं असं की आपण शाळा आधीच निवडून बसलोय. आम्ही घर घेताना आधी शाळांना गुण देणाऱ्या ग्रेटस्कूल्स साइटवर शाळेचा आकडा बघितला आणि मग किचन बघितलं, ओळखीतल्या प्रत्येकाने हेच केलंय. ज्याला इथलं घर परवडलं नाही त्याला इथली शाळा नाही, इतकं सरळ आहे ते. मग पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्यांनी दुसऱ्या पंगतीतही पान मांडायचं का?

तर दोन प्रश्न. एक, तुम्ही अर्ज करणार का आणि का? दोन, या स्टारचं किती मनावर घ्यायचं? न्यूयॉर्कमधे लोक मुलांना परीक्षेला बसवतच नाहीत म्हणे, इथे तसं कुणी केलंय का?

उपमाप्रेमी
खुर्ची टाकून बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.

बंडूकाका_एडिसन
रानजाई, छान विषय काढलास. मी न्यू जर्सीत १९८४ साली आलो तेव्हा सगळीकडे त्या १९८३ च्या सरकारी अहवालाची चर्चा होती, देश धोक्यात आहे, शाळा बुडाल्या, जपानी पुढे गेले. तेव्हापासून बघतोय, प्रत्येक राष्ट्राध्यक्षाला शाळा सुधारायच्या असतात. धाकट्या बुशने जानेवारी २००२ मधे नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यावर सही केली, सोबत डेमोक्रॅट टेड केनेडी सुद्धा होते, म्हणजे दोन्ही पक्षांचं एकमत. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमधे एकदा, आणि २०१४ पर्यंत देशातलं शंभर टक्के मूल पास झालं पाहिजे. शंभर टक्के! मग ओबामांनी २००९ मधे रेस टू द टॉप काढलं, ४.३५ अब्ज डॉलर, जी राज्यं शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या मार्कांशी जोडतील आणि चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) वाढवतील त्यांना बक्षीस. डिसेंबर २०१५ मधे पुन्हा नवीन कायदा, बरेच अधिकार राज्यांकडे परत, पण दरवर्षीची परीक्षा काही सुटली नाही.

आमच्या शेजारच्या न्यूअर्कला तर झुकरबर्गने २०१० मधे १० कोटी डॉलर दिले, ओप्राच्या कार्यक्रमात, बाजूला महापौर कोरी बुकर आणि गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी बसलेले. गावातल्या आईबापांना ते टीव्हीवरून कळलं. मला त्यातलं हेच सगळ्यात खटकलं होतं.

सातारी_तर्री
काका, तुमच्या काळात निदान दप्तर तरी होतं का? आमच्या पोराच्या बॅगेत फक्त डबा आणि क्रोमबुक.

सरळरेषा
मी थोडं उलट बोलतो. परीक्षेला शिव्या देणं आपल्या भागातल्या लोकांना सोपं आहे कारण आपल्या मुलांचं काय चाललंय ते आपल्याला घरी बसून कळतं. २००२ च्या आधी काय व्हायचं? शाळेची सरासरी चांगली दिसली की झालं. त्या सरासरीखाली कृष्णवर्णीय मुलं, घरी स्पॅनिश बोलणारी मुलं, स्पेशल एडची (अपंगत्व असलेली, खास शिक्षण लागणारी) मुलं वर्षानुवर्षं झाकली जायची. प्रत्येक गटाचे आकडे वेगळे छापा असं केंद्र सरकारने सगळ्या देशाला ठणकावून सांगितलं ते नो चाइल्डच्या कायद्याने. शंभर टक्क्यांचं लक्ष्य अवास्तव होतं हे मान्य, पण आकडे बाहेर आले हे मोठं काम होतं.

आणि मिसिसिपी बघा. देशातलं सगळ्यात गरीब राज्य. २०१३ मधे त्यांनी कायदा केला की तिसरीच्या शेवटी वाचता आलं पाहिजे, नाही तर तिसरीतच राहायचं. सोबत शिक्षकांना अक्षर-ध्वनीच्या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं, मागे पडलेल्या शाळांत वाचनाचे कोच पाठवले. चौथीच्या वाचनात नेप या देशपातळीवरच्या परीक्षेत २०१३ मधे हे राज्य ४९वं होतं, २०२४ मधे ९वं. मोजमापच नसतं तर हे कळलं असतं का?

शाळामास्तरीण
मी टेक्सासातच पब्लिक स्कूलमधे चौथीला शिकवते. शाळेचं नाव सांगणार नाही.

रानजाई, तुझी लेक तिसरीत आहे म्हणून परीक्षा आतून कशी असते ते सांगते. आदल्या दुपारी आम्ही वर्गातल्या भिंती कागद लावून झाकतो. पाढ्यांचा तक्ता, क्रियापदांची यादी, मुलांनी महिनाभर रंगवलेला शब्दांचा वेल, सगळं. बाकावर चिकटवलेली नंबर लाइन सुद्धा सोलून काढायची, नखं दुखतात. आम्ही शपथपत्रावर सही करतो की प्रश्न वाचणार नाही, कुणाशी बोलणार नाही. मग दुसऱ्या दिवशी ही आठ-नऊ वर्षांची पोरं कॉम्प्युटरसमोर, एकेकाची जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालते. एखादं ओकतं. एखादं चार उत्तरं टिचकी मारून डोकं खाली ठेवून झोपतं. उठवायचं, पण 'अरे परत वाच हा प्रश्न' एवढं म्हणायची मुभा नाही. निबंधाची उत्तरं आता मुख्यतः कॉम्प्युटर तपासतो, काही हिस्सा माणसं.

पण खरं दुखणं त्या दिवसाचं नाहीच, त्याच्या आधीच्या चार महिन्यांचं आहे. हिवाळ्यात सराव परीक्षा होते, निकाल आला की मीटिंग. पडद्यावर वर्गाची यादी, नावं रंगवलेली. हिरवी म्हणजे पास होणारच, लाल म्हणजे होणं अवघड, आणि मधली पिवळी, थोडं ढकललं तर रेषेपलीकडे जातील अशी. यांना बबल किड्स म्हणतात, हा शब्द तुम्हाला अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेत ऐकू येईल. शाळेला ए ते एफ ग्रेड मिळते ती बरीचशी या पिवळ्यांवर ठरते, म्हणून छोट्या गटातली शिकवणी पिवळ्यांना. लाल रंगातल्या पोराला सगळ्यात जास्त गरज असते आणि त्याच्या वाट्याला मी सगळ्यात कमी येते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, सप्टेंबरमधे एकेक अक्षर लावून वाचायचा, मार्चमधे अख्खं पान वाचायला लागला. परीक्षेत नापासच. यादीत तो सप्टेंबरलाही लाल आणि मेमधेही लाल.

सरळरेषा, तुम्ही म्हणता त्या गटवार आकड्यांच्या मी विरोधात नाही. पण त्याच आकड्यावर शिक्षकाची आणि शाळेची मान अडकवली की आकड्याचं काय होतं ते मी रोज बघते.

पोटोमॅकपार
मास्तरीणबाई, पोस्ट मनापासून आवडली. 'शाळेची मान अडकवली' यावरून अटलांटा आठवलं. २०११ च्या राज्य चौकशीत ४४ शाळांमधे १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं निघाली, उत्तरपत्रिका खोडून बरोबर उत्तरं भरली म्हणून. २०१५ मधे ११ जणांना संघटित गुन्हेगारीच्या कलमाखाली दोषी ठरवलं, जे कलम माफियांसाठी केलं होतं. तिथल्या सगळ्या शाळांच्या प्रमुख, म्हणजे सुपरिटेंडेंट, बेव्हरली हॉल यांना २००९ मधे देशातल्या सर्वोत्तम सुपरिटेंडेंटचा पुरस्कार मिळाला होता. त्यात नुकसान कुणाचं झालं? ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांना कागदावर पास दाखवलं, म्हणून जादा शिकवणीही मिळाली नाही.

सरळरेषा
अटलांटात लोकांनी चोरी केली, दोष परीक्षेचा कसा?

शाळामास्तरीण
दोष टांगत्या तलवारीचा. तुम्ही मिसिसिपीसाठी ज्या नेपचा दाखला दिलात ना, तीच बघा. ती काही निवडक मुलांनाच देतात, एका मुलाला पूर्ण पेपर सुद्धा नसतो, कुठल्या मुलाचा किंवा शाळेचा निकाल लागत नाही. कुणाची नोकरी जात नाही, म्हणून कुणी खाडाखोड करत नाही, कुणी चार महिने तिची तयारी करून घेत नाही. आणि गंमत म्हणजे आपण सगळे विश्वास तिच्यावरच ठेवतो. मोजायचं असेल तर असं मोजा.

सरळरेषा
हा मुद्दा चांगला आहे. पण नेपमधून माझ्या मुलाची शाळा कशी आहे ते आईबापांना कळणार नाही, आणि तेच तर लोकांना हवंय.

केळफूल
रानजाई, अर्ज करा हो. कायदा झालाय, पैसे आपल्याच टॅक्सचे आहेत. आमच्या मुलाला इथल्या मिडल स्कूलमधे इतका त्रास झाला की आम्ही त्याला काढून छोट्या कॅथलिक शाळेत घातला. वर्गात सोळा मुलं, शिक्षिकेला त्याच्या आवडीचा क्रिकेटर कोण ते माहीत. आम्ही काही श्रीमंत नाही, मी डे केअरमधे काम करते, नवऱ्याचा जॉब मधे गेला होता. आम्हाला फी जड जाते. ज्याचं मूल पब्लिक स्कूलमधे सुखात आहे त्याला हे कळणार नाही. सगळ्यांनाच मोठ्या घरांच्या रांगेतून शाळा मिळालेली नाही, मग ज्यांना नाही मिळाली त्यांना दुसरा रस्ता द्यायला नको का?

रानजाई
केळफूल, तुझं अगदी पटतं. तुझ्यासारख्यांना मिळावेत असंच मला वाटतं. आमच्यासारख्यांना का, हा माझा प्रश्न आहे.

बंडूकाका_एडिसन
याच मुद्द्यावर मिलवॉकीची गोष्ट सांगतो. देशातली पहिली आधुनिक व्हाउचर योजना, म्हणजे खाजगी शाळेसाठी सरकारी पैसे, तिथली, १९९०. ती पुढे रेटली पॉली विल्यम्स नावाच्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदार बाईंनी. त्यांचं म्हणणं केळफूल म्हणते तेच, पैसेवाले घर बदलतात, आमच्या वस्तीतल्या आईने काय करायचं? योजना फक्त कमी उत्पन्नाच्या घरांसाठी होती. पुढे उत्पन्नाची अट वर वर सरकवायला लागले तेव्हा त्याच बाई विरोधात उभ्या राहिल्या. आणि आता अ‍ॅरिझोनात २०२२ पासून सरसकट सगळ्यांना, फ्लोरिडात २०२३ पासून. अ‍ॅरिझोनात दार उघडल्यावर पहिल्या लाटेत आलेले बहुतेक अर्जदार आधीपासून पब्लिक स्कूलमधे नव्हतेच.

सरळरेषा
टेक्सासात अर्ज जास्त आले तर अपंगत्व असलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना आधी प्राधान्य आहे, मग लॉटरी. वरच्या उत्पन्न गटाला निधीच्या वीस टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे अ‍ॅरिझोनासारखं अगदी मोकळं नाही.

आर्याची_आई
अपंगत्वाचा उल्लेख आला म्हणून लिहितेय, एरवी मी फक्त वाचत असते. आमची मुलगी ऑटिस्टिक आहे. या कायद्यात अशा मुलांना ३० हजार डॉलरपर्यंत मिळू शकतात, ऐकून कुणालाही वाटेल लॉटरीच लागली. पण ज्या कुणाच्या घरी असं मूल आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्या. पब्लिक स्कूलमधे तिला आयईपी, म्हणजे तिच्यासाठी लिहून ठरवलेला शिक्षणाचा आराखडा, आहे, त्यामागे १९७५ पासूनचा केंद्राचा कायदा आहे. स्पीच थेरपी लिहिली असेल तर शाळेला द्यावीच लागते, नाही दिली तर मी भांडू शकते, सुनावणी मागू शकते. पैसे घेऊन आपणहून खाजगी शाळेत गेलं की तिचा तो वैयक्तिक हक्क राहत नाही. आणि खाजगी शाळेने तिला घ्यायलाच पाहिजे असं कुठेही नाही. आम्ही काही शाळांमधे विचारलं. एकीकडून सरळ नाही आलं, दुसरीकडून खूप गोड शब्दांत नाही आलं. निवड शाळा करते, आईबाप नाही.

पब्लिक स्कूल म्हणजे स्वर्ग असंही नाही. टेक्सासच्या शिक्षण खात्याने २००४ मधे आतल्या आत एक आकडा ठरवला होता की स्पेशल एडमधे ८.५ टक्क्यांच्या आसपासच मुलं असावीत. त्यापेक्षा जास्त असली तर डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणाऱ्या संस्थेला) तपासणी. देशाची सरासरी तेरा टक्क्यांच्या घरात होती. डिस्ट्रिक्टांनी काय केलं? मुलं घेणंच कमी केलं. वर्षानुवर्षं हजारो पोरांना 'याला काही नाही, थोडं थांबा' सांगून परत पाठवलं. २०१६ मधे ह्यूस्टनच्या वर्तमानपत्राने ते उघडकीला आणलं, २०१८ मधे केंद्राने सांगितलं की हे कायद्याचं उल्लंघन आहे. मास्तरीणताई म्हणतात ते अगदी खरं आहे, वरून एक आकडा सोडला की खाली कुणाचं तरी मूल त्यात चिरडतं. आर्याचं पहिलं मूल्यमापन याच काळात पुढे पुढे ढकललं गेलं. ती वर्षं परत मिळत नाहीत.

शाळामास्तरीण
आर्याची आई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या काळात आम्हालाही कुणी लेखी सांगितलं नव्हतं, फक्त 'एवढ्यात रेफर करू नका' असं म्हणायचे.

केळफूल
आर्याची आई, हे मला माहीत नव्हतं. आमच्या चर्चच्या ग्रुपमधे एक कुटुंब याच पैशांसाठी अर्ज भरतंय, मुलाला आयईपी आहे. त्यांना ही पोस्ट वाचून दाखवते.

ह्यूस्टनकर
आमच्याकडे तर राज्याने अख्खा डिस्ट्रिक्टच ताब्यात घेतलाय. जून २०२३, निवडून आलेलं बोर्ड बाजूला, वरून नेमलेले सुपरिटेंडेंट माइक माइल्स. कितीतरी शाळांमधल्या लायब्ररीची जागा टीम सेंटर झाली, वर्गातून बाहेर काढलेली मुलं तिथे बसून स्क्रीनवर वर्ग बघतात. धड्याच्या स्लाइड वरून येतात, ठराविक मिनिटांनी प्रश्न. खूप शिक्षक सोडून गेले.

पण दुसरी बाजूही लिहितो, कारण इथे बरेच जण वाचतायत. मार्क वाढलेत, आणि वाढ गरीब भागातल्या शाळांमधेच जास्त आहे. २०२५ च्या ग्रेडमधे ह्यूस्टनची एकही शाळा एफ नाही. २०२३ मधे पन्नासच्या वर होत्या. आता यातलं किती शिकणं आणि किती परीक्षेची तालीम, ते ही मुलं हायस्कूल संपवतील तेव्हा कळेल. गावाला विचाराल तर नोव्हेंबर २०२४ मधे शाळांच्या इमारतींसाठी ४.४ अब्ज डॉलरचं कर्ज लोकांपुढे मताला टाकलं होतं, लोकांनी पाडलं. इमारती खरोखर गळतात तरी पाडलं, कारण विश्वास नाही. ज्या बोर्डाला आपण मत दिलं तेच बाजूला केल्यावर पैसे कुणाच्या हातात द्यायचे?

सातारी_तर्री
लायब्ररी बंद करून मार्क वाढवायचे हे काही माझ्या पचनी पडत नाही बुवा.

पोटोमॅकपार
थोडं अवांतर, पण आपल्या लोकांच्या जवळचं. आमच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समधे थॉमस जेफरसन या नावाजलेल्या पब्लिक हायस्कूलची प्रवेश परीक्षा २०२० मधे काढून टाकली. आता प्रत्येक मिडल स्कूलच्या वरच्या दीड टक्का मुलांना जागा राखीव. पहिल्याच वर्षी आशियाई मुलं ७३ टक्क्यांवरून ५४ वर आली. आपले बरेच पालक कोर्टात गेले, फेब्रुवारी २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. आमच्या सोसायटीत यावरून बोलणं बंद झालेली घरं आहेत.

माझा मुलगा त्या परीक्षेच्या काळात लागला होता, सातवीपासून क्लास लावला होता. क्लासची फी बघता तो प्रवेश निव्वळ हुशारीवर होता असं मी म्हणणार नाही. पण परीक्षा होती तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती, काय केलं की काय मिळतं.

केळफूल
मग पोटोमॅकपार, परीक्षा चांगली की वाईट? धाग्यात सगळे दोन्ही बाजूंनी बोलतायत.

पोटोमॅकपार
केळफूल, वेगवेगळ्या कामाच्या परीक्षा आहेत गं. एकीने मुलाला जागा मिळते, एकीने शाळेला ग्रेड मिळते, एकीने नुसतं कळतं की राज्यात काय चाललंय. भांडताना आपण सगळ्यांना एकच समजून भांडतो.

बोस्टनबाळू
आमच्या मॅसॅच्युसेट्समधे नोव्हेंबर २०२४ ला यावरच मतदान झालं. १९९३ च्या सुधारणा कायद्यातून एमकॅस ही राज्याची परीक्षा आली, दहावीची ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही. लोकांनी ती अट ५९ टक्के मतांनी काढून टाकली. शिक्षक संघटना आनंदात, मी मात्र विरोधात मत दिलं. माझ्या मते १९९३ ला राज्याने एका हाताने परीक्षा आणली आणि दुसऱ्या हाताने गरीब गावांच्या शाळांना भरपूर पैसे दिले, दोन्ही मिळून हे राज्य देशात वर आलं. बाकीच्या राज्यांनी आमची परीक्षा उचलली आणि पैशाचा भाग विसरले.

बंडूकाका_एडिसन
बाळू, पैशाचं बोललास ते मुळावर बोट ठेवलंस. रानजाई, तुझ्या टेक्सासातूनच ती केस गेली होती. सॅन अँटोनियोतला एजवुड डिस्ट्रिक्ट, मेक्सिकन वस्ती, आणि तिथून जवळच अलामो हाइट्स. एजवुडचे लोक प्रॉपर्टी टॅक्स जास्त दराने भरायचे, तरी स्थानिक करातून मुलामागे २६ डॉलर जमायचे. अलामो हाइट्समधे कमी दराने ३३३. कारण घरांच्या किमती. १९७३ मधे सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की शिक्षण हा केंद्रीय घटनेतला मूलभूत हक्क नाही, राज्यांनी बघावं. मग टेक्सासच्या कोर्टाने १९८९ मधे राज्याची पद्धत रद्द केली आणि १९९३ मधे श्रीमंत डिस्ट्रिक्टचा पैसा काढून घ्यायचा कायदा आला, ज्याला तिथे रॉबिन हूड म्हणतात. आमच्याकडे न्यू जर्सीत अ‍ॅबट केसमुळे (तुमच्या गव्हर्नरशी संबंध नाही) गरीब शहरांना पैसे मिळाले. तू घर घेताना शाळेचा आकडा बघितलास, ती पद्धत पन्नास वर्षांपूर्वी एका मताने वाचली.

सातारी_तर्री
काका, तुम्ही एडिसनमधे बसून टेक्सासचा इतिहास सांगताय आणि आम्ही ऑस्टिनमधे बसून तो पहिल्यांदा ऐकतोय.

ह्यूस्टनकर
आणि ताजे आकडे ऐका. टेक्सासात शाळेला मुलामागे जो मूळ निधी मिळतो तो २०१९ पासून ६१६० डॉलर होता. मधे एवढी महागाई झाली, हलला नाही. २०२५ मधे वाढवला तो ५५ डॉलर. आणि त्याच अधिवेशनात खाजगी शाळेला १० हजार.

सरळरेषा
ह्यूस्टनकर, हे दोन आकडे शेजारी ठेवणं बरोबर नाही. ६१६० हा फक्त पाया आहे, त्यावर स्पेशल एड, गरीब मुलं, दोन भाषांचं शिक्षण असे भार चढतात. ते १० हजार म्हणजे राज्य आणि स्थानिक मिळून मुलामागच्या सरासरी खर्चाच्या ८५ टक्के. म्हणजे पब्लिक स्कूलला जास्तच मिळतात. शिवाय त्याच अधिवेशनात शिक्षकांच्या पगारासाठी वेगळे पैसे दिलेत.

शाळामास्तरीण
हिशोब बरोबर आहे तुमचा, पगारवाढ मिळालीही. पण एका वर्गातून तीन मुलं गेली तर वर्ग तेवढाच राहतो, बस तेवढीच, एसी तेवढाच. पैसे मात्र तीन मुलांचे जातात.

पुणेरी_प्रश्न
मी पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांचं असंच आहे, सरकार खाजगी शाळेला गरीब मुलाची फी देतं. फरक हा की इथे शाळेला मूल निवडता येत नाही, लॉटरीत नाव आलं की घ्यावंच लागतं. फेब्रुवारी २०२४ मधे राज्याने नियम काढला की एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, जुलैमधे हायकोर्टाने तो रद्द केला. आमच्या कामवाल्या मावशींची नात याच जागेवर शिकते, तो महिना-दोन महिने त्यांनी रोज मला विचारलं, काही कळलं का. सरकार शाळांना पैसे वेळेवर देत नाही ही तक्रार इथे कायमची आहे. तर आर्याची आई म्हणतात तोच प्रश्न मला मोठा वाटतो, पैसे कुणाच्या नावावर यापेक्षा नाही म्हणायचा अधिकार कुणाला.

आर्याची_आई
अगदी हेच. तुमच्या लॉटरीसारखा नियम टेक्सासात असता तर मी या कायद्याच्या बाजूने उभी राहिले असते.

केळफूल
आमच्या शाळेने मुलाची मुलाखत घेतली होती हे खरंय. तो बोलका आहे म्हणून झालं. आता विचार करतेय नसता तर?

बोस्टनबाळू
चार्टरचं कुणीच बोललं नाही. त्यांना मुलाखत घेऊन निवडता येत नाही, जागेपेक्षा अर्ज जास्त झाले की लॉटरीच. बोस्टनची चार्टर खरोखर चांगली आहेत, तरी २०१६ मधे इथल्या लोकांनी ती वाढवायला नकार दिला, ६२ टक्के विरोधात. न्यू ऑर्लिन्समधे कतरिना वादळानंतर जवळजवळ सगळ्याच शाळा चार्टर झाल्या, मार्क वाढले, पण आधी सात हजारांवर कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं, बहुतेक कृष्णवर्णीय, त्याच गावातल्या मुलांना पिढ्यान् पिढ्या शिकवणारे. त्या जखमा तिथे अजून भरलेल्या नाहीत.

उपमाप्रेमी
सगळ्या राज्यांचा दौरा झाला. रानजाईच्या लेकीचं काय ठरलं?

शाळामास्तरीण
रानजाई, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. न्यूयॉर्कमधे २०१५ ला साधारण दर पाचातल्या एका मुलाच्या घरच्यांनी परीक्षा नाकारली होती. टेक्सासात तशी तरतूद नाही, उलट परीक्षा टाळण्यासाठी मूल काढून घेता येणार नाही असं कायद्यात लिहिलंय. आणि तुझी लेक हिरव्यात असेल तर तिला घरी ठेवून कुणाचंच भलं होत नाही, शाळेची ग्रेड खाली जाते एवढंच. बसव तिला. फक्त सराव पुस्तिका आणू नकोस, आदल्या रात्री लवकर झोपव आणि निकालाचा कागद तिच्यासमोर उघडू नकोस. तिसरीत वाचनाची गोडी लागली तर बाकी सगळं होतं.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा नवऱ्यालाही वाचायला दिला. आर्याची आई आणि केळफूल, तुमच्या पोस्ट त्याने दोनदा वाचल्या. आम्ही अर्ज करणार नाही. तो अजून म्हणतो कायद्याने मिळतंय ते घ्यायला हरकत नाही, पण लॉटरीत आपण नसू तर केळफूलसारख्या एखाद्या घराचा नंबर पुढे सरकेल हे त्याला पटलं. मुलगी स्टारला बसेल.

आमच्या डिस्ट्रिक्टमधे दोन शाळा बंद करायचा प्रस्ताव आलाय, पटसंख्या कमी झाली म्हणून. दोन्ही अपार्टमेंटच्या भागातल्या, आमच्या बाजूची एकही नाही. पुढच्या बोर्ड मीटिंगला मी जाणार आहे. पालकांना बोलायला देतात म्हणे, त्याची पद्धत काय असते?

शाळामास्तरीण
आधी नाव नोंदवावं लागतं, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो, त्याची मुदत मीटिंगच्या दिवशी दुपारीच संपते, ते नक्की बघ. दोन-तीन मिनिटं मिळतात, घड्याळ लावतात. कागदावर लिहून ने. कुठल्या शाळेतली मुलं कुठे जाणार आणि बस असणार का, एवढंच विचार. बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देत नाही पण ते इतिवृत्तात येतं. आणि त्या दोन शाळांमधली एखादी आई सोबत घेऊन जा, तुझ्या आधी तिला बोलू दे.

आर्याची_आई
स्पेशल एडचे वर्ग त्या शाळांमधे असतील तर ते कुठे हलवणार हेही विचारा प्लीज, ते नेहमी शेवटी ठरवतात.

रानजाई
विचारते. लिहून ठेवलं.

उपमाप्रेमी
मी त्याच बाजूला राहतो, मीटिंगला येतो. दुभाषा लागणार असेल तर बायकोला स्पॅनिश येतं, तिलाही आणतो. तारीख टाका.